एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे : घरगुती संगणकशाळेतील आभासी यंत्रे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत नाटक, संतवाङ्मय आणि इतिहास ह्या विषयांचा मान मोठा. त्या पंगतीत संगणकासारखा रुक्ष विषय घेऊन बसणारा मी बहुधा पहिलाच. तथापि हा विषय योजण्यामागे एक खरीखुरी अडचण आहे, ती प्रथम आपल्यापुढे ठेवतो.

ह्या वर्षीच्या स्मरणिकेत जुन्या अंकांतील निवडक लेख पुन्हा छापावयाचे ठरले. मंडळाच्या आरंभीच्या वर्षांतील अंक खिळे जुळवून छापलेले आहेत. कागद पिवळा पडला आहे, कोपरे झिजले आहेत. पण अंक उघडला की अक्षर वाचता येते. रौप्यमहोत्सवी अंक मात्र संगणकावर जुळविला गेला. त्याच्या छापील प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या असून त्यांतही काही पाने गळालेली आहेत. मूळ मजकुराच्या दोन तबकड्या मंडळाच्या कपाटात आहेत. त्या आजच्या संगणकात घातल्या तर फाइलींची नावे दिसतात, परंतु पेजमेकर नावाच्या ज्या प्रणालीत तो अंक रचला तिची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. आजच्या नेहमीच्या प्रणालींत त्या फाइली नीट उघडत नाहीत. एखादी उघडलीच, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा कागद आपण वाचू शकतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचू शकत नाही!

ही केवळ मंडळाची अडचण नव्हे. आपण सारे नोकरीधंद्यानिमित्त घरापासून दूर आलेली माणसे. दोनतीन बदल्यांत भांडीकुंडी कमी झाली, पुस्तके वाटली गेली. पण लग्नकार्यांची छायाचित्रे, वडिलांनी टंकून ठेवलेली वंशावळ, आजीच्या आवाजातील ओव्यांचे ध्वनिमुद्रण ह्या गोष्टी आपण सांभाळल्या. आज त्या संगणकात आहेत आणि संगणकाचे आयुष्य माणसाच्या मानाने फार थोडे. यंत्र मोडले तरी त्यातील संसार टिकावा ह्यासाठी काय करता येईल, हा आजच्या भाषणाचा खरा विषय आहे. त्याचे एक उत्तर म्हणजे आभासी यंत्र, आणि ते उत्तर घरातल्या एका कोपऱ्यात प्रत्यक्षात आणता येते.

आभासी यंत्र म्हणजे काय? संगणक सुरू झाला की त्यावर प्रथम एक मूळ प्रणाली ताबा घेते. विंडोज किंवा लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे. प्रोसेसर, स्मृती, डिस्क हे सारे आपल्याच मालकीचे आहे असे समजून ती वागते. आभासी यंत्राच्या योजनेत खरे यंत्र आणि ही मूळ प्रणाली ह्यांच्यामध्ये आणखी एक थर घातला जातो. त्याला हायपरव्हायझर म्हणतात. आपण त्याला कारभारी म्हणू. पुण्यातील किंवा साताऱ्यातील जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. पाया, छप्पर आणि आड सामाईक. परंतु प्रत्येक बिऱ्हाडाचे दार निराळे, कुलूप निराळे, चूल निराळी. एका घरी दूध उतू गेले म्हणून शेजारची चूल विझत नाही. कारभारी जागा वाटून देतो, पाण्याच्या पाळ्या लावतो आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत शिरू देत नाही. संगणकातील बिऱ्हाडकरूची गंमत अशी, की आपण वाड्यात राहतो हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. आपण स्वतंत्र बंगल्यात आहोत अशाच समजुतीत तो आपला संसार करतो. म्हणूनच आजच्या यंत्राच्या पोटात वीस वर्षांपूर्वीचे विंडोज एक्स्पी सुखाने नांदू शकते, कारण त्याला जुन्या पद्धतीची डिस्क आणि जुन्या पद्धतीचे नेटवर्क कार्ड आहे असे भासविले जाते.

ही कल्पना आजकालची नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९६४ ते १९६७ ह्या काळात सीपी–४० नावाची प्रणाली तयार झाली. त्या काळी संगणक खोलीभर मोठा आणि अतिशय महाग. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे, पण प्रत्येकाला आपल्यापुढे संपूर्ण यंत्र आहे असे वाटावे, अशी ती योजना होती. तिच्याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ साली जाहीर केली. पुढे १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग ह्या दोघांनी चांगल्या कारभाऱ्याची तीन लक्षणे शास्त्रशुद्ध भाषेत मांडली : आतील प्रणालीला खऱ्या यंत्रावर जसा अनुभव येईल तसाच येथे यावा, साधनसामग्रीवरील अंतिम ताबा कारभाऱ्याचाच राहावा, आणि बहुतेक आज्ञा कारभाऱ्याच्या मध्यस्थीवाचून थेट प्रोसेसरवर चालाव्यात. ही तीन लक्षणे आजही प्रमाण मानली जातात.

आपल्या घरातील लहान संगणकांना मात्र ही सोय फार उशिरा लाभली. इंटेलच्या प्रोसेसरांची रचनाच तशी नव्हती. पेंटियम प्रोसेसरच्या आज्ञांपैकी १७ आज्ञा कारभाऱ्याच्या नजरेतून निसटतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले गेले. व्हीएमवेअर ह्या कंपनीने १९९९ मध्येच अशा आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती बाजारात आणली होती. नंतर २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच कारभाऱ्यासाठी स्वतंत्र सोय केली. लगोलग, २००७ च्या फेब्रुवारीत, लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा कारभारी समाविष्ट झाला. जे काम एके काळी खोलीभर यंत्राचे होते ते आता वहीएवढ्या पेटीत होऊ लागले. ऑस्ट्रियातून २००८ साली निघालेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली ह्याच केव्हीएमवर उभी आहे. तिचा सारा कारभार साध्या ब्राउझरच्या पानावरून पाहता येत असल्याने घरगुती संगणकशाळांत ती लोकप्रिय आहे.

येथे एक प्रश्न साहजिक आहे. एवढा खटाटोप कशाला? दूरच्या कंपनीच्या यंत्रावर जागा भाड्याने मिळते, ती घ्यावी. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्याची उमेद भाड्याच्या घरातच काढली. पण भाडेकरूने मालकाच्या मर्जीचा हिशेब मनात धरावा लागतो. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआय ह्या कारभाऱ्याची विनामूल्य आवृत्ती बंद केली. जगभर घरोघरी तिच्यावर प्रयोग करणाऱ्यांना आपली बिऱ्हाडे दुसरीकडे हलवावी लागली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये विनामूल्य आवृत्ती पुन्हा देण्यात आली. तोवर हलणारे हलून गेले होते. धंदा करणाऱ्याने आपल्या मालाच्या अटी ठरवाव्यात हा त्याचा हक्क आहे. आपण एवढेच शिकावे, की जी वस्तू पिढ्यान्पिढ्या जपावयाची तिची निदान एक प्रत आपल्या कुलपात असावी आणि ती उघडण्याचे साधनही आपल्या हाती असावे.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. नवे आणि महागडे यंत्र लागत नाही. कंपन्या आपल्या कचेऱ्यांतील लहान आकाराचे संगणक तीनचार वर्षांनी बदलतात. ते दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळूरच्या एस. पी. रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर दुरुस्त होऊन विक्रीस येतात. चार गाभ्यांचा प्रोसेसर, ३२ गिगाबाइट स्मृती आणि एक चांगली एसएसडी एवढ्यावर उत्तम काम होते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्मृती पुढे वाढविता येईल की नाही. दुसरी, यंत्राच्या बायोसमध्ये आभासी यंत्रांची सोय सुरू केलेली आहे की नाही. ती पुष्कळदा बंद ठेवलेली असते आणि नवशिक्याचा पहिला दिवस ह्याच कोड्यात जातो.

वजनदार जुना सर्व्हर स्वस्त मिळतो म्हणून घरी आणण्याचा मोह आवरावा. हिशेब सोपा आहे. वर्षाचे तास ८,७६०. सरासरी १५ वॅट खाणारे लहान यंत्र अखंड चालले तर वर्षाला सुमारे १३१ युनिट वीज लागेल; १५० वॅट खाणारा सर्व्हर १,३१४ युनिट खाईल. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज आणि उन्हाळ्यातील उष्णता ही घरच्या मंडळींनी सोसावयाची. घरातील शांततेचा भंग करून चालविलेली प्रयोगशाळा फार दिवस टिकत नाही, हे विवाहित श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको.

वाटणीचे गणित येथून सुरू होते. प्रोसेसर ही आडाच्या पाण्यासारखी वस्तू आहे : सगळे एकाच वेळी पाणी भरत नाहीत, म्हणून चार गाभ्यांवर आठदहा आभासी गाभे वाटले तरी सहसा बिघडत नाही. स्मृती मात्र खोल्यांसारखी आहे. एकाने व्यापलेली खोली त्याच क्षणी दुसऱ्याला देता येत नाही. एखादे बिऱ्हाड आपली रिकामी खोली कारभाऱ्याला परत करील अशी युक्ती आहे, परंतु तिच्यावर भिस्त ठेवून संसार मांडू नये. उदाहरणादाखल ३२ गिगाबाइटची वाटणी पाहा : कारभाऱ्यासाठी ४, छायाचित्रे आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या यंत्राला ८, मुलांच्या अभ्यासाच्या लिनक्स यंत्राला ४, नव्या प्रयोगांसाठी ४, जुन्या एक्स्पीला १. बेरीज २१ झाली; ११ शिल्लक. ही शिल्लक म्हणजे उधळपट्टी नव्हे. डिस्कवरील मजकूर तपासून जपणाऱ्या झेडएफएससारख्या पद्धतीला स्मृतीचा वाटा लागतो आणि परीक्षेसाठी एखादे यंत्र तात्पुरते उभे करावे लागते, त्याचीही तरतूद हवी.

डिस्कच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी सांगतो. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर कागदोपत्री ८०० गिगाबाइट वाटता येतात, कारण प्रत्येक यंत्र आपला वाटा लगेच वापरत नाही. सोय चांगली, पण खरी जागा संपली की एकट्याचे नव्हे, साऱ्यांचेच लिहिणे एकदम थांबते. म्हणून जागा ८० टक्के भरली की सूचना मिळेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

आभासी यंत्राचा धाकटा भाऊ म्हणजे कंटेनर. त्याची व्यवस्था एकत्र कुटुंबासारखी : खोल्या निराळ्या, चूल एक. लिनक्सचा गाभा साऱ्यांना सामाईक असतो, त्यामुळे कंटेनर हलका आणि क्षणात सुरू होणारा. परंतु लिनक्सच्या चुलीवर विंडोजचा स्वयंपाक होत नाही आणि चुलीतच दोष निघाला तर सारे घर उपाशी राहते. म्हणून जे परके, जुने अथवा अविश्वासाचे आहे ते आभासी यंत्रात ठेवावे. घरातली लहानसहान नित्यकर्मे कंटेनरांकडे सोपवावीत.

आता रौप्यमहोत्सवी अंकाच्या तबकड्यांकडे येऊ. पहिले काम म्हणजे तबकडी पुन्हापुन्हा फिरवीत न बसता तिची हुबेहूब प्रतिमा एका फाइलीत उतरवून घेणे, कारण घरी लिहिलेल्या तबकड्या कालांतराने खराब होतात. मग एक आभासी यंत्र उभे करून त्यात, आपल्याजवळच्या परवान्यानिशी, विंडोज एक्स्पी, पेजमेकर आणि त्या वेळचे मराठी टंक बसवावेत. एक्स्पीचे संरक्षण मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले. त्यानंतर उघड झालेल्या बहुतेक दोषांवर त्याच्याजवळ इलाज नाही. म्हणून त्या यंत्राला नेटवर्क मुळीच देऊ नये. फाइली आत नेण्यासाठी तबकडीची प्रतिमाच त्याच्या आभासी खाचेत सरकवावी. काही मराठी प्रणाली संगणकाला लावलेल्या कुलूपकिल्लीवाचून, म्हणजे डोंगलवाचून, चालत नसत. किल्ली जवळ असेल तर ती खऱ्या यंत्राला लावून आभासी यंत्राच्या हवाली करता येते. किल्लीच हरवली असेल तर आभासी यंत्र तिची उणीव भरून काढू शकत नाही.

पाने पडद्यावर दिसू लागली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ साली, पहिल्याच आवृत्तीत, स्वतःची जागा मिळाली. परंतु छपाईच्या व्यवसायात जुने टंक पुढेही पुष्कळ वर्षे वापरात राहिले. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पानांचे रूप टिकावे म्हणून त्यांची पीडीएफ करावी. आणि मजकूर शोधता व पुन्हा छापता यावा म्हणून तो त्या त्या टंकाच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी ह्या ठिकाणी परिवर्तक अडखळतात. तेथे मुद्रितशोधन करणारा मराठी जाणकारच हवा. मंडळातील ज्येष्ठांनी हे काम अंगावर घ्यावे असे मी सुचवीन. यंत्र तरुणांनी चालवावे, शुद्धलेखन ज्येष्ठांनी पाहावे; दोन पिढ्या एका टेबलाशी बसण्याचे असे निमित्त सहज मिळत नाही.

येथवर उभारणी झाली. पण उभारणी म्हणजे व्यवस्थापन नव्हे. पाहुण्यांसारखी आलेली यंत्रे वर्षभरात डझनावारी होतात आणि कोणते कशासाठी हेच आठवेनासे होते. म्हणून प्रत्येक यंत्राला क्रमांक, अर्थपूर्ण नाव आणि एक ओळीचे प्रयोजन द्यावे. ज्याचे प्रयोजन सांगता येत नाही ते यंत्र बंद करावे, आणि महिनाभर कोणी विचारले नाही तर प्रत ठेवून काढून टाकावे. एक तयार लिनक्स यंत्र साचा म्हणून बाजूला ठेवले तर नवे बिऱ्हाड काही मिनिटांत उभे राहते. मुलांना शिकण्यासाठी हे फारच उपयोगी आहे. त्यांनी साच्यावरून काढलेल्या यंत्रात वाटेल ती मोडतोड करावी, वडिलांच्या हिशेबाला धक्का लागत नाही. यंत्राशी निर्भयपणे खेळल्यावाचून यंत्र कळत नाही. आणि आजच्या काळात ही निर्भयता मिळवून देणारे स्वस्त साधन ह्याहून दुसरे मला तरी दिसत नाही.

प्रणालीत मोठा बदल करण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे यंत्राची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवावी. बदल फसला तर पूर्वस्थितीवर येता येते. परंतु स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी दोनदा उच्चारीत आहे असे समजावे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. शिवाय तो महिनोन्महिने ठेवला तर जागा खात राहतो. काम झाले की तो काढून टाकावा.

खरा बॅकअप कसा असावा ह्याचा एक सुटसुटीत नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि एक दूरच्या ठिकाणी. हा तिसरा भाग, म्हणजे दूरची प्रत, इतरांना अवघड वाटतो. आपल्याला मात्र तो सहज साधण्यासारखा आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे भाऊबंद आजही पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात किंवा कोकणात आहेत. त्यांच्या घरी एक लहान यंत्र आणि एक डिस्क ठेवली, की दूरची प्रत झाली. पहिली प्रत तारेवरून धाडण्याच्या फंदात पडू नये. ५०० गिगाबाइट मजकूर सेकंदाला २० मेगाबिट गतीने धाडला तर सुमारे ५६ तास लागतात, तेही गती एकसारखी राहिली तर. त्यापेक्षा गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना डिस्क पिशवीतून न्यावी. पुढे केवळ बदललेले तुकडे पाठविले जातात, आणि तेवढ्याला रात्रीची वेळ पुरते. प्रत मात्र सांकेतिक कुलूप लावूनच पाठवावी. भावाच्या घरी चोर शिरला तर डिस्क जाईल, आपला संसार उघडा पडणार नाही. त्या कुलपाची किल्ली त्याच पेटीत ठेवू नये, हे सांगणे नलगे.

बॅकअप घेतल्याचा निरोप रोज येतो म्हणून निश्चिंत होऊ नये. बॅकअपची परीक्षा एकच : तो परत उभा राहतो का? दर तीन महिन्यांनी एक यंत्र प्रतीवरून निराळ्या क्रमांकाने उभे करावे, त्याचे नेटवर्क तोडलेले असावे, कारण एका पत्त्याची दोन यंत्रे समोरासमोर आली की दोन्हींचा घोटाळा होतो. मग ते सुरू करून एखादे जुने छायाचित्र, एखादा हिशेब उघडून पाहावा. ह्या कामास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास ज्याने दिला नाही त्याच्याजवळ बॅकअप नसतो, बॅकअप असल्याची केवळ समजूत असते.

वीज हा आपल्याकडील स्वतंत्र अध्याय आहे. दिवे जाऊन येण्याच्या क्षणात यंत्र बंद पडले आणि त्याच वेळी डिस्कवर लिहिणे चालू असले, तर मजकुराला इजा होऊ शकते. घरचा इन्व्हर्टर असला तरी वीज गेल्यानंतर त्याचा प्रवाह सुरू होईपर्यंतचा अवकाश संगणकाला सोसत नाही असे होऊ शकते. ज्या इन्व्हर्टरवर यूपीएसचे बटण असते ते त्या स्थितीत ठेवावे, नाहीतर लहान यूपीएस निराळा घ्यावा. यूपीएसची तार यंत्राला जोडली आणि बॅटरी उतरू लागताच आधी बिऱ्हाडे, नंतर कारभारी ह्या क्रमाने सारे बंद होईल अशी आज्ञा घातली, की मध्यरात्री कोणी घरी नसतानाही यंत्र शिस्तीने झोपी जाते.

दाराविषयीही दोन शब्द. कारभाऱ्याचे पान इंटरनेटवर उघडे टाकू नये. तो वाड्याचा दिंडीदरवाजा आहे आणि दिवसरात्र परके लोक असे दरवाजे चाचपीत फिरत असतात. प्रवासातून घरचे यंत्र पाहावयाचे असेल तर वायरगार्डसारखा बंदिस्त मार्ग वापरावा. २०२० सालापासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. आपल्याकडे पुष्कळ सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून घरापर्यंत पोहोचता येत नाही. अशा वेळी आयपीव्ही६चा पत्ता मिळतो का ते पाहावे, किंवा ज्या नातेवाइकाकडे स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे त्याच्या घरी मार्गाचे दुसरे टोक ठेवावे.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आभासी यंत्राला बदली सोसते. मूळ पेटी जुनी झाली, की सारे यंत्र तिच्यातून उचलून नव्या पेटीत ठेवता येते. आतील प्रणालीला घर बदलल्याचे दुःख होत नाही. दोन पेट्यांची जोड नीट बसविली असेल तर चालते यंत्रसुद्धा न थांबता हलविता येते. बदल्यांत आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना ह्या गुणाचे मोल अधिक कळावे. पण यंत्र हलते तसा माणूसही हलतो. घरातील साऱ्या व्यवस्थेची माहिती एकट्याच्या डोक्यात असेल, तर त्याच्या आजारपणात किंवा त्याच्या पश्चात ती पेटी म्हणजे लोखंडाचा तुकडा ठरते. छायाचित्रे आत असतात आणि घरच्यांना दार सापडत नाही.

म्हणून संगणकशाळेतील सर्वांत आवश्यक वस्तू विकत घ्यावी लागत नाही. ती म्हणजे कागदाची साधी वही. तिच्यात प्रत्येक यंत्राचा क्रमांक, प्रयोजन, पत्ता, प्रती कोठे आहेत आणि सारे बंद पडल्यास कोणत्या क्रमाने उभे करावयाचे, हे सुवाच्य मराठीत लिहावे. किल्ल्या आणि परवलीचे शब्द बंद पाकिटात, घरातील दोघांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत. आणि वर्षातून एकदा, वही लिहिणाऱ्याने बाजूला बसून, दुसऱ्या कोणीतरी केवळ वही वाचून एक यंत्र उभे करून पाहावे. जेथे तो अडेल तेथे वहीत भर घालावी.

आपले मंडळ पन्नास वर्षे चालले ते कोणा एका इमारतीमुळे नव्हे. जागा बदलल्या, पदाधिकारी बदलले. पण प्रत्येक चिटणिसाने आपल्या मुदतीअखेर दप्तर नीट लावून पुढच्याच्या स्वाधीन केले. यंत्रांच्या बाबतीतही ह्याहून निराळा मंत्र नाही. दप्तराचे आता संगणकीय रूप झाले आहे, एवढाच फरक. कार्यकारिणीने ह्या वर्षी एक लहान यंत्र, एक दूरची प्रत आणि एक वही एवढ्याची व्यवस्था करावी आणि तिचा भार दोन तरुण व एक ज्येष्ठ अशा तिघांवर सोपवावा, अशी माझी विनंती आहे. खर्च फारसा नाही. नियमितपणा मात्र लागेल.